कन्यादानाचा हात

१८ नोव्हेंबर १९४५, औंध

डाव्या हातानं लिहितो आहे. अक्षरं पहिलीतल्या पोराची— तीही नापास होणाऱ्या. एकेक शब्द काढायला वेळ लागतो, म्हणून वाक्यं तोकडी. असू देत. लांबलचक सांगण्यासारखं तरी काय उरलंय?

श्रावणात वर्गात फळ्यापुढं उभा होतो. खडू हातातून पडला. उचलायला वाकलो तो वाकलोच. अर्धांगवायू. उजवी बाजू गेली. पुढं पाय फरफटत का होईना चालू लागला. तोंड निम्मं वळतं. हात मात्र खांद्याला नुसता लोंबतो. शाळेत माझ्या जागी दुसरा मास्तर आला, पोरं त्याला रुळलीसुद्धा.

आज तासगाव सोडून इथं आलो. राहीच्या माहेरचं दोन खणांचं घर बंदच होतं, ते उघडलं. बायकोचा हट्ट, दुसरं काय. "औंधात समदी सूर्यनमस्कार घालत्यात. लंगडी, पांगळी, म्हातारीकोतारी. तुमी बी घाला." मी म्हटलं, नमस्काराला दोन हात लागतात. ती ट्रंक उचलून पुढं चालू लागली.

१९ नोव्हेंबर

का आलो ते एकदाचं लिहून टाकतो.

अंजनाचं लग्न वैशाखात. एकुलती एक. सोयरीक माझं अंग धड असताना जमलेली. मुलगा जोतीराम, सांगलीत छापखान्यात खिळे जुळवतो. पोरगा चांगला आहे. व्याही जुन्या वळणाचे. दसऱ्याला घरी आले, माझा हात बघितला आणि माझ्या धाकट्या भावाला, नानासोला, बाजूला घेऊन म्हणाले, "अधू हातानं कन्यादान नगं. आमच्यात चालत न्हाई." मी भिंतीपलीकडंच होतो. कानांना काही झालेलं नाही.

भटजींना विचारलं. त्यांचंही तेच. ओंजळ पाहिजे. बापाच्या ओंजळीतून पोरीचा हात जातो, वरून पाणी. डाव्या हातानं दान देत नाहीत.

तेव्हा ठरलं ते असं— वैशाखापर्यंत उजवा हात ओंजळीपुरता उठला तर कन्यादान मी करीन. नाही उठला तर नानासो.

अंजना लहानपणी बाहुलीची लग्नं लावायची. भटजी तीच, करवली तीच, मंगलाष्टकं म्हणणारीही तीच. कन्यादानाला मात्र मला बसवायची. दौतीच्या टोपणात पाणी. वह्या तपासायच्या बाजूला ठेवून मी बाहुली द्यायचो. कुणाचंही लग्न असो, ही पोर मांडवात सगळ्यांत पुढं. हळद, अंतरपाट, अक्षता— तिला सगळं हवं असतं, आणि सगळं रीतीनं.

२१ नोव्हेंबर

पहिला दिवस. यमाईच्या डोंगराखाली एक ओसरी आहे, पूर्वेकडं तोंड. तिथं उजाडताना माणसं जमतात. शिकवणारे आप्पासो. फौजेतून पेन्शनीत आलेले हवालदार. मला वाटलं होतं कवायत घेतील, ओरडतील. तसलं काही नाही. स्टुलावर बसतात आणि नुसतं बोलतात.

"श्वास घ्या. हात वर. हात येत न्हाईत त्यांनी नजर वर न्या. आता सोडा. वाका. कंबर न्हाई वाकत, मान वाकवा. मान बी न्हाई वाकत, तर मनात वाका. घाई न्हाई."

मनात वाका! असल्या बोलण्यावर मी जन्मभर हसत आलो. आज हसता आलं नाही. हसलो की तोंड एका बाजूला जातं.

मला भिंतीशी पाटावर बसवलं. राही मागं. आप्पासो "हात जोडा" म्हणाले की ती माझा उजवा हात उचलून डाव्याला लावते, "सोडा" म्हणाले की मांडीवर ठेवते. सगळे समोर सूर्य बघत होते. मी खाली, तिच्या बांगड्यांकडं.

माझ्या शेजारी दगडाबाई. सत्तरीची असेल. पाठीला पार बाक. ती बसूनच घालते. मला म्हणाली, "मास्तर, मला वाकाय कुनी सांगाय नगं. मी हायेच वाकल्याली. मला वर बघायचं अवगड जातंय." आणि मान वर करायला लागली. हनुवटी पाव वीतसुद्धा उचलली नाही. तेवढ्यानं दमली. खूष होती!

२२ नोव्हेंबर

अंग दुखतंय. जे अंग आहे तेच.

२ डिसेंबर

प्रत्येक नमस्काराआधी सूर्याचं एक नाव घ्यायचं. आधी ओम, मग बीजाक्षर, मग नाव. माझ्या तोंडातून ओम निम्मा बाहेर येतो, निम्मा गालात राहतो. बीजाक्षरांचं तर विचारूच नका. तीस वर्षं पोरांचे उच्चार सुधारले. आता दगडाबाई माझ्यापेक्षा शुद्ध म्हणते, आणि तिला ग म भ न येत नाही.

आप्पासो म्हणतात, नाव घेताना मन श्वासावर ठेवा. ठेवतो. दोन श्वास राहतं. मग हाताकडं पळतं. हलला का? नाही. पुन्हा श्वासावर. पुन्हा हाताकडं. सगळा वेळ यातच जातो. पोरगं वर्गात बसून खिडकीबाहेर बघतं तसं. त्या पोरांना मी काय काय बोलायचो.

९ डिसेंबर

आप्पासोंना आज सरळ विचारलं, हात कधी येईल? निम्म्या तोंडानं विचारायला धीर लागतो. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "त्ये मला ठावं न्हाई, मास्तर. खोटं कशाला बोलू? आला तर येईल, न्हाई तर न्हाई. मी फकस्त श्वास सांगतो."

राग आला. मग इथं कशाला मरायला येतो मी रोज? घरी येऊन राहीला तसंच म्हटलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "सकाळी उठून कुटंतरी जाताय, ह्ये काय कमी हाय? तासगावात भिताडाकडं त्वांड करून पडून हुता."

खरं आहे. म्हणून अधिकच राग आला.

२० डिसेंबर

थंडी मरणाची. हात लोंबायचा बंद झाला. मला वाटलं सुधारणा! तर नाही. आता आखडायला लागलाय. मूठ मिटून घेतो. राही रोज बोटं एकेक करून उघडते, आतला घाम पुसते, खोबरेल लावते. सोडलं की परत मिटतात.

मिटलेल्या मुठीची ओंजळ कशी व्हायची?

संक्रांत

अंजना आली. नानासोच्या घरी राहते सध्या, लग्नाची शिवणटिपण चाललेली. तिळगूळ आणला. माझ्या डाव्या हातावर ठेवला. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, उजवी मूठ उघडून त्यातही एक वडी ठेवली. "ह्या हाताला पण, आबा."

आम्ही बोलत बसलो. म्हणजे ती बोलत होती. हिरवी साडी, पिवळी साडी, मामा कुठं उभा राहणार, अंतरपाट कोण धरणार. नानाच्या बायकोनं हळदीची हळकुंडं दळायला काढलीत. तिचा चेहरा उजळलेला. मी मान हलवत होतो. संध्याकाळी राहीनं मूठ उघडली तर वडी विरघळून तळहाताला चिकटलेली. हातात काही आहे हे मला दिवसभर कळलंही नव्हतं.

जाताना अंजनानं विचारलं, "जमतंय न्हवं, आबा?" मी हो म्हटलं.

रथसप्तमी

सूर्याचा दिवस. ओसरीच काय, रस्त्यापर्यंत माणसं. शाळेची पोरं, पोरी, शेतकरी, बाया. सगळं गाव एकाच वेळी वाकतं आणि एकाच वेळी उठतं. इतक्या माणसांचा श्वास एकदम सुटला की आवाज होतो. पहिल्यांदाच ऐकला.

मी डोळे मिटले. आप्पासोंचा आवाज लांबून यायला लागला. श्वास घ्या. सोडा. कितव्या नमस्काराला होतो कळेना. आणि एकदम वाटलं की दोन्ही तळवे जुळलेत. उजव्याची ऊब डाव्याला लागतेय. बोटाला बोट. छातीशी हात धरून मी बसलोय, पूर्वीसारखा! वाटलं, आता डोळे उघडू नयेत.

उघडले. उजवा मांडीवर होता. मूठ मिटलेली. राही त्या वेळी दगडाबाईला पाणी द्यायला उठलेली, तिनंही हात लावलेला नव्हता. काहीच झालं नव्हतं. डावा हात एकटाच छातीपुढं उभा होता.

घरी आल्यावर राहीनं विचारलं, काय झालं? काय सांगू? जे झालं नाही ते?

२० फेब्रुवारी १९४६

डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं— जे यायचं ते सहा महिन्यांत येतं. त्यानंतर फारसं काही येत नाही. सहा महिने झाले.

२ मार्च

नानासो आला. सोबत गुळाची ढेप. बराच वेळ उसाबद्दल बोलत राहिला. त्याला मी खांद्यावर घेऊन जत्रा दाखवलीय, त्याचं तोंड मला वाचता येतं. शेवटी म्हणाला, "दादा, कन्यादानाचं मी बघतो. तुमी काय मनाला लावून घिऊ नगा." वर बघेना. "व्याह्यांना सांगून टाकलंय. संक्रांतीलाच. वहिनीला ठावं हाय."

संक्रांतीला. म्हणजे मी तिळगूळ खात असताना. म्हणजे राहीला माहीत होतं आणि तरीही ती रोज उजाडायच्या आत उठून माझा हात उचलत होती.

नानासोवर राग नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं. तो गेला तेव्हा डोळे पुसत गेला.

राहीला विचारलं, तुला ठाऊक होतं? "व्हय." मग रोजचं नाटक कशाला? "तुमी उठत हुता म्हनून."

३ मार्च

गेलो नाही.

९ मार्च

जात नाही. राहीशी बोलत नाही. तीही नाही. जेवण वाढते, मूठ उघडते, तेल लावते. डाव्या हातानं घास घेताना सांडतो, तो उचलते. माणसाचं रागावणंसुद्धा दुसऱ्याच्या हातावर अवलंबून असावं यासारखी लाज नाही.

परसात विहीर आहे. मनात येतं. लिहून ठेवतो, लपवायचं कुणापासून? पण पायऱ्या उंच. तिथंवर जायचं म्हटलं तरी राहीचा हात धरावा लागेल.

होळीनंतरचा दिवस

दगडाबाई काठी टेकत दारात आली. आत आली नाही, उंबऱ्यावरच बसली. तिला चढ चढून यायला सकाळ लागली असणार.

"मास्तर, तुमच्या पाटावर कुत्रं बसतंय."

मी म्हटलं, बसू दे.

"बसू द्या की. पन त्ये नमस्कार घालत न्हाई. नुस्तं आप्पासोकडं बघतंय." थोडा वेळ दम खाल्ला. "तुमी बी तसंच करत हुता म्हना."

राही चुलीपाशी हसली. किती दिवसांनी तिचं हसणं ऐकलं. मलाही हसू आलं, वाकडं. म्हातारीला चहा दिला. तिचा एक मुलगा लढाईवर गेला तो परत आलेला नाही. मेल्याचं कळलं नाही, असल्याचंही नाही. ती त्याबद्दल बोलली नाही, राहीनं मागाहून सांगितलं. मी विचारलं, मग ही नमस्कार कशासाठी घालते? राही म्हणाली, "कशापायी म्हंजी? सूर्य उगवतोय म्हनून."

२० मार्च

गेलो. कुत्र्याला उठवावं लागलं.

गुढीपाडवा

अंजना आली. नेहमीसारखा बाहेरून चप्पल काढतानाच तिनं आवाज दिला नाही, तेव्हाच कळलं काहीतरी आहे. कडुनिंब खाल्ला, गूळ खाल्ला, मग माझ्यापुढं जमिनीवर बसली.

"आबा, मला गांधी-लगीन करायचंय."

हल्ली आपल्याकडं होतात तसली. खादी, दोन हार, शपथ, चार माणसं. भटजी नाही, मुहूर्त नाही, जेवणावळी नाहीत. चळवळीतली पोरं गावोगाव लावतात. मी त्यांच्या विरोधात नाही. चांगलंच आहे. पण अंजना? मांडवात सगळ्यांत पुढं उभी राहणारी?

मी विचारलं, जोतीराम म्हणाला का? "त्येंना चालतंय. त्यांनी त्यांच्या आबांची बी समजूत काढलीय." हे कुणाच्या डोक्यातून निघालं? "माझ्याच." का? "मला साधंच आवडतं." खोटं बोलताना ती पदराचं टोक पिळते. पिळत होती.

मग माझ्या ध्यानात आलं. गांधी-लग्नात कन्यादान नसतं.

मी बोलू नये ते बोललो. म्हटलं, म्हणजे तूही माझ्या हातावर पाणी सोडलंस. डॉक्टरांनी सोडलं, नानानं सोडलं, आईनं सोडलं, तू राहिली होतीस. वैशाखाला महिना आहे अजून. निम्म्या तोंडानं, थुंकी उडवत बोललो. तिनं सगळं ऐकलं. नंतर म्हणाली, "आबा, नाना माझा हात धरनार आनि तुमी बाजूला खुर्चीत बसून बगनार. मला न्हाई बगवायचं त्ये. मग मला काईच नको."

राही बाहेर गुढीपाशी उभी होती. आत आली नाही.

४ एप्रिल

अंजना गेली. पाया पडली. मी डावा हात डोक्यावर ठेवला.

पोरीनं बापाची लाज झाकली. उपकारच. पण उपकार करणाऱ्याला आशा नसते हेही तितकंच खरं. हात उठणार असता तर झाकायची गरज काय होती?

१३ एप्रिल

राहीनं सांगितलं. परत गेल्यावर अंजनानं नानाच्या बायकोनं दळायला काढलेली हळकुंडं एकेक करून परत डब्यात भरली. मामासाठी घेतलेलं धोतर मामाला तसंच देऊन टाकलं. हिरवी साडी घडी करून ट्रंकेच्या तळाला घातली. रडली नाही म्हणे. मला रडली असती तर बरं वाटलं असतं.

मी तिला निरोप धाडला— सगळं रीतीनं होऊ दे, नाना करेल कन्यादान, मी बघेन, मला चालेल. तिचा उलटा निरोप आला: "मला चालनार न्हाई."

माझीच पोर.

२२ एप्रिल

आप्पासो म्हणाले, "मास्तर, आज हाताकडं एकदा बी बघितलं न्हाई तुमी." खरंच? आता बघून करायचं काय. हात उठला काय अन् न उठला काय, मागणारं कुणी राहिलं नाही.

५ मे

लग्न झालं. सांगलीजवळ व्याह्यांच्या गावी, शाळेच्या पटांगणात. त्याच दिवशी तिथं आणखी दोन जोड्या होत्या. एका कार्यकर्त्यानं भाषण केलं, जरा लांबलं. मग शपथ. मग हार.

मला पहिल्या रांगेत खुर्ची. धुतलेलं उपरणं. राहीनं मूठ उपरण्याखाली झाकायला घेतली, मी म्हटलं राहू दे, इथं कुणाला हाताचं काम नाही. व्याही नीट वागले. शेजारी बसले, पाणी दिलं.

एकच गोष्ट लिहितो. हार घालून झाल्यावर बाकीच्या दोन्ही पोरी नवऱ्याकडं बघून हसल्या. अंजनानं मान खाली घातली आणि तशीच उभी राहिली. डोळे मिटून. जोतीरामला कळेना. नानासोला कळेना. मला कळलं. ती अक्षता पडायची वाट बघत होती. लहानपणापासून शेकडो लग्नं पाहिलेली पोर, हार पडला की मान आपोआप खाली गेली. अक्षता नव्हत्याच. थोड्या वेळानं तिच्याही ध्यानात आलं. तिनं मान वर केली आणि हसली, मला दिसेल असं.

माझ्यासारखा करंटा बाप नाही.

९ मे

औंधला परत. घर भकास. राहीनं उजाडताना विचारलं, "जायाचं का?" मी उठलो. का उठलो ते माहीत नाही. तिनं विचारलं नसतं तर उठलो नसतो.

१४ मे

दगडाबाई तापानं पडलीय. तिच्या जागी कुणी बसत नाही. कुत्रंसुद्धा.

१९ मे

दगडाबाई आली! हनुवटी पहिल्यापेक्षा खाली. "परत सुरवात," म्हणाली.

आज श्वासाबरोबर गेलो आणि श्वासाबरोबर आलो. मध्ये काही नव्हतं. शाळा नव्हती, लग्न नव्हतं, हात नव्हता. आप्पासो थांबले तेव्हा मला वाटलं आत्ताच बसलो. बरं वाटलं असं म्हणवत नाही. वाईट वाटलं नाही, एवढंच. गेल्या श्रावणापासून एवढा वेळ वाईट न वाटता पहिल्यांदाच गेला.

त्यातून व्हायचं काही नाही. लिहून ठेवलं इतकंच.

२५ मे

निरोप आला, अंजना परवा माहेरपणाला येतेय. नानाकडं नाही, इथं. राहीनं घर सारवायला काढलं.

२६ मे

आज उजव्या हाताचं मधलं बोट हललं. "सोडा" म्हटल्यावर उघडलं. मग शेजारचं. मी नेमका दुसरीकडं बघत होतो, राहीनं आधी पाहिलं. तिच्या हातातून माझा हात सुटला. आप्पासो स्टुलावरून उठून आले. पुन्हा करून बघितलं. पुन्हा उघडली.

वरातीमागून घोडं.

राही रडत रडत घरी आली, म्हणाली, "पोरीला आजच सांगावा धाडते." मी म्हटलं, नाही. तिला कळेना. समजावलं. दोन बोटांनी ओंजळ होत नसते, मला कळतं. अंजनाला नाही कळणार. ती मनात महिने मोजत बसेल. थोडं थांबले असते तर, म्हणेल. तिनं या हातासाठी अक्षता सोडल्या, त्या उगाच सोडल्या असं तिला कधीच वाटता कामा नये. राहीला यमाईची शपथ घातली. आप्पासोंनाही सांगून ठेवलं.

अंजना उद्या येतेय. ती असेपर्यंत मूठ मिटून, उपरण्याखाली.